अरुंदमापी वाफेची गाडी आणि वारशाची कल्पना
(पाचोरा–जामनेर मार्गाच्या निमित्ताने)

१. प्रश्नाचे स्वरूप

वाफेची इंजिने रोजच्या वाहतुकीतून नाहीशी झाल्यावर त्यांना जगात अनेक ठिकाणी एक दुसरे आयुष्य लाभले. डोंगरातून वा दऱ्याखोऱ्यांतून जाणाऱ्या लहान मापाच्या मार्गांवर ही जुनी इंजिने आज प्रवाशांच्या गरजेसाठी नव्हे, तर त्यांच्या आनंदासाठी चालविली जातात. भारतात दार्जिलिंगचा मार्ग १९९९ मध्ये, निलगिरीचा २००५ मध्ये आणि कालका–शिमला मार्ग २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. महाराष्ट्रात या संदर्भात नाव घेतले जाते ते माथेरानचे. खानदेशातील पाचोरा–जामनेर मार्गाचे नाव मात्र अशा चर्चेत क्वचितच येते.

भडगाव, पाचोरा आणि जामनेर या परिसरातील वाचकाला या भेदाचे आश्चर्य वाटणार नाही. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण; पाचोरा–जामनेर हा कापसाच्या गाठींचा आणि बाजारकरूंचा मार्ग. एक गाडी लोकांनी हौसेने पाहिली, तर दुसरीतून लोकांनी केवळ प्रवास केला. परंतु हा भेद इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहिले पाहिजे. वारसा हा एखाद्या मार्गाच्या अंगचा गुण आहे, की त्याच्याकडे पाहणाऱ्या समाजाने घेतलेला निर्णय आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. मार्गाचे रुंदमापी रूपांतर हाती घेण्यात आले असल्यामुळे हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

२. मापाचा इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली तेव्हा रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर होते. मुख्य मार्गांसाठी हे माप कायम झाले. रुंद मापाला जड रूळ, रुंद भराव, मोठे पूल आणि सौम्य वळणे लागतात. त्यामुळे जेथे माल थोडा आणि भांडवल त्याहून थोडे, तेथे हा खर्च परवडणारा नव्हता. यातूनच २ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर) आणि २ फूट (६१० मिलिमीटर) अशी लहान मापे पुढे आली. भारतातील अशा मार्गांचा आरंभ गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १८६२ मध्ये डभोई–मियागाम येथे झाला. तेथे आरंभी गाडी ओढण्यासाठी बैल जुंपलेले असत. म्हणजे बैलगाडी आणि आगगाडी यांतील सीमारेषा आपण समजतो तितकी स्पष्ट नव्हती.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास या मापाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे हे त्याचे प्रमुख कार्य. इंजिन असो वा मालाचा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हे त्याचे सूत्र होते. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेला म्हणजे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो. हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरज येथपर्यंत पोहोचला. येथील अनुभव कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये सुरू झालेल्या मार्गासाठी उपयोगात आणला. तंत्रज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे आले, या समजुतीला हा एक बोलका अपवाद आहे.

३. यंत्राविषयी थोडेसे

वाफेच्या इंजिनाचे तत्त्व समजण्यास मराठी घरातील तांब्याचा पाणी तापविण्याचा बंब पुरेसा आहे. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते आणि तिच्याभोवती पाणी असते. असा बंब आडवा केला, त्यात एका नळीऐवजी अनेक नळ्या बसविल्या आणि तो सर्व बाजूंनी बंद केला, म्हणजे इंजिनाचे बाष्पक तयार होते. कोंडलेल्या वाफेचा दाब सिलिंडरमधील दट्ट्याला पुढेमागे ढकलतो आणि दांड्यांच्या साहाय्याने ती गती चाकांना मिळते. दट्ट्याला ढकलून आलेली वाफ धुराड्यातून झोताने बाहेर पडताना भट्टीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे इंजिनाला जितके अधिक श्रम पडतात, तितका विस्तव अधिक फुलतो. आगगाडीचा परिचित ‘झुकझुक’ नाद याच झोतांचा होय.

हे यंत्र सतत माणसाच्या हातांची अपेक्षा करते. कोळसा किती आणि कोठे टाकावा, पाण्याची पातळी किती ठेवावी, चढ येण्यापूर्वी दाब केव्हा वाढवावा, हे सर्व अनुभवाने शिकावे लागते. डिझेल इंजिन बंद करून चावी खिशात घालता येते. वाफेच्या इंजिनाची भट्टी मात्र गाडी निघण्याच्या कितीतरी तास आधी पेटवावी लागते आणि ठराविक अंतरावर पाणी भरून घ्यावे लागते. म्हणून वाफेचे इंजिन जतन करणे म्हणजे केवळ लोखंड जतन करणे नव्हे. ते चालविण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि ओळखण्याचे ज्ञान जिवंत नसेल तर चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन ही एक मूर्ती राहते.

भारतीय रेल्वेने मापांना अक्षरे दिली होती. रुंदमापी इंजिनांच्या वर्गाचे नाव ‘डब्ल्यू’ने, मीटरमापीचे ‘वाय’ने, ७६२ मिलिमीटर मापाचे ‘झेड’ने आणि ६१० मिलिमीटर मापाचे ‘एन’ने सुरू होते. इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर खानदेश-वऱ्हाडातील गाड्यांच्या वाट्याला आले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण वाटतो.

४. पाचोरा–जामनेर : कापसाची वाट

मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खानदेशातून गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. खानदेशच्या काळ्या जमिनीचे आणि आगगाडीचे नाते याच काळात जुळले. परंतु मुख्य मार्ग सरळ रेषेत मोठ्या ठाण्यांना जोडीत गेला. गिरणेकाठचे भडगाव त्यापासून बाजूलाच राहिले. तालुक्यातील कजगाव हे स्थानक मात्र त्या मार्गावर आले. सुमारे १५ किलोमीटरांवरील पाचोरा हे भडगावकरांचे दुसरे रेल्वेद्वार ठरले. ज्या गावांच्या वाट्याला रूळ आले नाहीत, तेथून कापूस गाड्यांत भरून स्थानकापर्यंत आणावा लागे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर हे काम किती कष्टाचे होते, हे खानदेशी वाचकाला सांगावयास नको.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी असलेला पहूर-जामनेरचा मुलूख असाच बाजूला पडलेला होता. पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी गावे घेत जामनेरपर्यंत जाणारा ७६२ मिलिमीटर मापाचा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारे ५६ किलोमीटर. त्यामागील हेतू उघड होता. कापूस पाचोऱ्यास आणावयाचा आणि तेथून मुख्य मार्गाने मुंबईच्या बंदरात पाठवावयाचा.

याच हेतूत मार्गाच्या दुर्बलतेचे बीज होते. दोन भिन्न मापांचे मार्ग जेथे भेटतात तेथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागतो. पाचोऱ्यास प्रत्येक गाठ हमालांच्या पाठीवरून जाणे अपरिहार्य होते. मोटारमार्ग सुधारले आणि मालमोटार शेताच्या बांधापासून थेट गिरणीच्या दारापर्यंत जाऊ लागली, तेव्हा हा उतार-भराव परवडेनासा झाला. लहान मापाचे बहुतेक मालमार्ग या एकाच कारणाने क्षीण झाले. बार्शीचा मार्ग पुढे टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला. विदर्भात ‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्तिजापूरच्या गाड्यांनाही याच अडचणीला तोंड द्यावे लागले.

तथापि माल गेला तरी माणसे राहिली. पाचोरा–जामनेर गाडी पुढील काळात मुख्यतः प्रवाशांची झाली. आठवडी बाजाराला जाणारे शेतकरी, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी, रुग्ण, शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या रथोत्सवासाठी जाणारे भाविक यांची ती स्वस्त वाहतूक होती. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर गाडी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्यानंतर हा मार्ग रुंदमापी करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली. नव्या मार्गाची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर होईल आणि बोदवडला तो भुसावळ–नागपूर मार्गास मिळेल. शंभर वर्षांपूर्वी जामनेरला येऊन संपलेली वाट अशा रीतीने पुढे जाईल. या गोष्टीचे स्वागत करणे हे आपले कर्तव्य आहे. जुन्या गाडीच्या मोहाने तिला विरोध करणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही.

५. माथेरान : पर्यटनासाठीच जन्मलेला मार्ग

माथेरानच्या मार्गाची कथा याहून अगदी भिन्न आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने, विशेषतः अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या पुढाकाराने, हा मार्ग बांधला आणि तो १९०७ मध्ये सुरू झाला. नेरळहून माथेरानपर्यंत सुमारे २० किलोमीटरांचा हा मार्ग ६१० मिलिमीटर मापाचा आहे. त्यावर काही ठिकाणी दर वीस फुटांना एक फूट इतका चढ आहे. वळणे इतकी तीव्र आहेत की सामान्य इंजिन तेथे रुळावरून उतरेल. या मार्गाच्या आखणीशीही कॅलथ्रॉप याचा संबंध होता. एका अर्थी बार्शी आणि माथेरान हे मार्ग एकाच गुरूचे शिष्य होत.

जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने या मार्गासाठी चार इंजिने बनविली. प्रत्येकाला सहा जोडलेली चाके होती. पहिला आणि शेवटचा आस क्लीन-लिंडनर पद्धतीचा होता. यात मूळ आसाभोवती एक पोकळ आस बसविलेला असतो आणि चाके या पोकळ आसाला जोडलेली असतात. वळणावर पोकळ आस किंचित सरकतो व तिरपा होतो. मात्र मूळ आसाकडून त्याला गती मिळत राहते.  येथे ढिलाईलाही शास्त्राची शिस्त आहे. या इंजिनांनी सुमारे पाऊण शतक काम केले. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत वाफेचे युग तेथे संपले. चारांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, एक नेरळला, तर एक इंग्लंडमध्ये गेले.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा उभारला गेला. २०१९ च्या पावसात पुन्हा हानी झाली, तेव्हा २०२२ मध्ये तो पूर्ववत सुरू करण्यात आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मालवाहतुकीच्या हिशेबात न बसणारा हा मार्ग प्रत्येक वेळी दुरुस्त झाला. पाचोरा–जामनेर गाडी एकदा थांबली ती थांबलीच.

६. अन्यत्र काय घडले?

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की पर्यटनाचा मार्ग जगतो आणि मालाचा मार्ग मरतो. हा निसर्गनियम आहे. जगाचा अनुभव मात्र याच्या उलट साक्ष देतो.

वेल्समधील टॅलिलिन मार्ग १८६० नंतरच्या दशकात खाणीतील पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी बांधला गेला. खाण बंद पडल्यावर १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी तो चालविण्यास घेतला. स्वयंसेवकांनी जतन केलेला जगातील पहिला रेल्वेमार्ग म्हणून त्याची गणना होते. शेजारचा फेस्टिनिऑग मार्गही दगडाचाच. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो–सिल्व्हरटन मार्ग १८८२ मध्ये चांदीच्या खाणींसाठी सुरू झाला. आज तेथे वाफेच्या गाड्या हौशी प्रवाशांना घेऊन डोंगर चढतात. दगड आणि चांदी यांच्या गाड्या वारसा ठरू शकतात, तर कापसाची गाडी का ठरू नये, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

उत्तर शोधताना दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की या मार्गांना स्थानिक समाजातून अथवा बाहेरून रसिकांचा एक संघटित गट मिळाला. दुसरी अशी की हा निर्णय रूळ उखडण्यापूर्वी झाला. निसर्गसौंदर्य हे साहाय्यक कारण खरे, पण निर्णायक नव्हे. पहूर हे स्थानक जळगावहून फर्दापूरमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्या वाटेवर आहे. १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या लेण्यांच्या इतक्या जवळून शतकभर एक छोटी गाडी धावत होती, आणि तिच्याकडे पर्यटनाच्या दृष्टीने पाहणे कोणास फारसे सुचले नाही. याला सौंदर्याचा अभाव म्हणता येणार नाही. अभाव दृष्टीचा होता.

या दृष्टीच्या अभावामागेही कारण आहे. वेल्सचे स्वयंसेवक ज्या गाडीकडे वळले, ती त्यांच्या उपजीविकेचा भाग राहिली नव्हती. जामनेरच्या प्रवाशाची मात्र ती रोजची गरज होती. तिचा संथपणा त्याच्या दृष्टीने रम्य नव्हता, तो वेळेचा अपव्यय होता. जी वस्तू आपण अजून वापरीत असतो तिला आपण वारसा म्हणत नाही. आणि वापर थांबताच ती टाकाऊ ठरते. या दोन क्षणांमधील अवधी फार अल्प असतो. पाचोरा–जामनेर मार्गाच्या बाबतीत आज आपण त्याच अवधीत आहोत.

७. शब्दांची साक्ष

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे एका वेगळ्या प्रकारच्या अवशेषाकडे वाचकांचे लक्ष वेधणे त्याला आवश्यक वाटते. लोखंड भंगारात जाते, रूळ उखडले जातात. शब्द मात्र बराच काळ मागे राहतात.

मराठीची रेल्वेविषयक शब्दसंपत्ती स्थूलमानाने तीन थरांची आहे. पहिला थर मराठीने आपल्याजवळच्या सामग्रीतून घडविलेल्या शब्दांचा : आगगाडी, सांधा, सांधेवाला, फाटक. ‘आगबोट’ आणि ‘आगगाडी’ या जोडीत मराठी मनाने यंत्रातील वाफेला नव्हे, तर विस्तवाला प्राधान्य दिले, हे लक्षणीय आहे. दुसरा थर बंदरांतून आलेल्या शब्दांचा. ‘बंब’ हा पोर्तुगीजांकडून आला. ‘खलाशी’ हा अरबी-फारसी परंपरेतील शब्द जहाजावरून उतरून रेल्वेच्या कामगाराला चिकटला. समुद्र न पाहिलेल्या खानदेशी माणसाने रेल्वेत खलाशी म्हणून नोकरी केली, ही गोष्ट शब्दांच्या प्रवासाचे उत्तम उदाहरण आहे.

तिसरा थर इंग्रजी शब्दांना मराठी रूप देण्याचा. याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ‘वाघीण’. इंग्रजी ‘वॅगन’ या शब्दाला मराठी जिभेने परिचित अशा ध्वनींत बसविले आणि मालाच्या डब्याला एका हिंस्र श्वापदाचे नाव मिळाले. अनोळखी शब्दाला ओळखीचा अर्थ देण्याच्या या प्रक्रियेस लोकव्युत्पत्ती म्हणतात. विशेष म्हणजे हा शब्द केवळ बोलीत न राहता वृत्तपत्रांच्या भाषेतही स्थिरावला. ‘साखरेच्या दहा वाघिणी’ असे वाक्य वाचताना मराठी वाचक दचकत नाही.

पाचोरा–जामनेर गाडीचे लोकनाम ‘पीजे’ हेही विचारात घेण्यासारखे आहे. इंग्रजी आद्याक्षरांचे हे नाव मराठीत सहज स्त्रीलिंगी झाले, कारण ‘गाडी’ स्त्रीलिंगी आहे. लोक ‘पीजे आली’, ‘पीजे चुकली’ असे म्हणत. ‘इंजिन’ मात्र नपुंसकलिंगी राहिले. ज्यातून आपण प्रवास करतो ती ‘ती’, आणि जे तिला ओढते ते ‘ते’, अशी व्यवस्था मराठीने आपोआप लावली.

काही शब्द वस्तू गेल्यावरही जगतात. माथेरानच्या मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचे स्थानक आहे. वाफेचे इंजिन गेले, पाण्याची गरज संपली. नाव मात्र स्थानकाला चिकटून राहिले. गार्डाच्या हातातील कंदील इतिहासजमा होत आहे, तरी शासन योजनांना ‘हिरवा कंदील’ दाखवीतच असते. संसार ‘रुळावर’ येतो आणि चर्चा ‘रुळावरून घसरते’.

परंतु याहून नाजूक असा एक थर आहे, तो कोशांत आलेला नाही. भट्टीच्या विशिष्ट अवस्थेला, इंजिनाच्या विशिष्ट आवाजाला, चढावरील विशिष्ट जागेला कामगारांनी दिलेली नावे या थरात मोडतात. पाचोरा–जामनेर मार्ग स्थूलमानाने अहिराणीच्या प्रदेशातून निघून तावडी बोलीच्या प्रदेशात जातो. दोन बोलींच्या सीमेवरून शतकभर धावलेल्या गाडीत कोणते शब्द इकडून तिकडे गेले, हा बोलीविज्ञानाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी वृद्ध झाली आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की वारसा हा मार्गाच्या अंगचा गुण नसून समाजाने वेळीच घेतलेला निर्णय आहे. माथेरानचा मार्ग पर्यटनासाठी जन्मला, म्हणून तो निर्णय तेथे आपोआप झाला. टॅलिलिनच्या बाबतीत तो प्रयत्नपूर्वक घेतला गेला. पाचोरा–जामनेरच्या बाबतीत तो अद्याप व्हावयाचा आहे. रुंदमापी रूपांतर आणि जतन यांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. नवा मार्ग होऊ द्यावा. त्याचबरोबर जुन्या रुळांचा एखादा तुकडा, एखादे स्थानकगृह, एखादा डबा पाचोरा वा पहूर येथे मूळ जागी राखून ठेवावा. अजिंठ्याकडे जाणारा प्रवासी पहूरला थांबला, तर त्याला कापसाच्या या वाटेची कथा तेथे समजली पाहिजे.

हे काम शासनाचे आणि रेल्वेचे आहे. विद्यापीठाच्या विभागाचे काम याहून लहान, पण अधिक निकडीचे आहे. भडगाव, पाचोरा आणि जामनेर या तालुक्यांतून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या मार्गावरील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आणि जुन्या प्रवाशांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. शब्द, त्यांचे उच्चार आणि ज्या कामाच्या संदर्भात ते वापरले जात त्याचे वर्णन यांची पद्धतशीर नोंद व्हावी. रुळांचे रूपांतर पुढील काही वर्षांत पुरे होईल. शब्दांच्या संकलनाला तितकीही मुदत मिळेल असे नाही.